संगणक जागचा हलत नाही

दिनांक ६ मार्च, शुक्रवार

चि. सौ. कन्येस,

आशीर्वाद. आम्ही उभयता सुखरूप आहोत. तुम्ही तिघेही तसेच असाल असे धरून पुढचे लिहितो. हे सर्व फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझा मुद्दा राहून जातो. कागद मध्ये बोलत नाही.

तुझे पार्सल मंगळवारी मिळाले. खोक्यात खोके, त्यात आणखी एक खोके, आणि अखेर निघाला तो टॅब्लेट. मी माप घेतले. लांबी दहा इंच, रुंदी साडेसहा, जाडी पाव इंच. एवढ्या पातळ फळीत मी खिळासुद्धा ठोकणार नाही. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिले आहेस, ‘बाबा, कॉम्प्युटर विसरा. आता याच्यावरच सगळं होतं.’ माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे. तरीही ‘सगळं’ हा शब्द जपून वापरावा एवढे मला कळते.

संगणक बंद पडला हे खरे. दुरुस्ती करणारे गृहस्थ येऊन, त्याचे पोट उघडून, मान हलवून गेले. मात्र माझ्या चारशे बारा कामांची छायाचित्रे त्यांनी वाचवली आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिली. तो पेनड्राइव्ह खुपसण्यासाठी तुझ्या टॅब्लेटला भोकच नाही. म्हणजे माझे पन्नास वर्षांचे काम एका बाजूला आणि हे यंत्र दुसऱ्या बाजूला. मध्ये दार नाही.

दुसरे असे. संगणकाच्या कळांवर मी बोट टेकवून विचार करतो. कोणते अक्षर हवे ते ठरले की दाबतो. तोवर संगणक थांबतो. टॅब्लेट थांबत नाही. बोट टेकले की त्याचे अक्षर झालेच. बरे, तेही बोट त्याला पटले तर. रंध्याने माझ्या उजव्या अंगठ्याचे आणि पहिल्या बोटाचे कातडे असे घट्ट झाले आहे की टॅब्लेटला तिथे माणूस आहे हेच समजत नाही. अर्धा तास मी त्याच्यावर बोट ठोकत होतो आणि तो निवांत पडून होता. ज्या हातांनी इतक्या लोकांच्या घरांचे दरवाजे लावले, त्यांना ओळख न देणारी वस्तू मी घरात का ठेवावी, हे तूच सांग.

तिसरे, आपले संगणकाचे टेबल. आठ वर्षांपूर्वी ते मी मापाने केले. खाली संगणकाचा डबा ठेवण्याचा कप्पा, मागे तारांसाठी भोक, आणि दोन खुर्च्या शेजारी शेजारी मावतील एवढी रुंदी, कारण रविवारी आम्ही दोघे बसून तुझ्याशी बोलत असू. त्या टेबलावर हा टॅब्लेट ठेवला तर पाटावर काडेपेटी ठेवल्यासारखे दिसते.

तू एक गुण मोठ्या अक्षरांत लिहिला आहेस, की टॅब्लेट हातात धरून घरात कुठेही नेता येतो, आई कोणत्याही खोलीत असली तरी तुला दिसेल. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा अवगुण आहे. यंत्राने आपल्या जागी राहावे. संगणक जागचा हलत नाही. ज्याला बोलायचे असेल तो त्याच्यासमोर जाऊन बसतो. यात एक मर्यादा आहे आणि ती मला मान्य आहे.

आईविषयी विचारतेस. ती बरी आहे. संगणक चालू होता तेव्हाही चार-पाच रविवार ती नेमकी घराबाहेर होती, हा योगायोग. फोनवर तिचा आवाज तू ऐकतेसच. तो ठणठणीत आहे. गेल्या खेपेस निघताना तू दारात उभी राहून म्हणालीस, ‘दोघांपैकी एकालाही काही झालं, तर कारखान्याला कुलूप लावून दोघांना घेऊन जाईन.’ ते माझ्या लक्षात आहे. कुलूप लावण्याची वेळ आलेली नाही.

सबब, टॅब्लेट खोक्यात घालून कपाटात ठेवला आहे. कृपया संगणकच पाठवावा. टेबल तयार आहे.

तुझा पिता

◆

दिनांक २७ मार्च, शुक्रवार

चि. सौ. कन्येस,

आशीर्वाद. इकडील हवा बरी आहे. आमची प्रकृतीही.

‘एक महिना टॅब्लेट वापरा, मग कॉम्प्युटरचं बघू’ असे तू फोनवर बजावलेस. मी ते मान्य केले आणि टॅब्लेट कपाटातून काढला. परंतु वापरायचा तर रीतीने वापरावा, म्हणून त्याला सागाची चौकट केली. चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जोडले. सांध्यात केस शिरणार नाही. ती चौकट टॅब्लेटसकट संगणकाच्या टेबलामागील फळीवर चार पितळी स्क्रूंनी बसवली आहे. आता तो पडत नाही, सरकत नाही, कोणी उचलून नेत नाही. दिसायलाही भारदस्त झाला आहे. कपड्यांनी माणसाला येते तशी त्याला चौकटीने किंमत आली.

रविवारी तू कळवलेस की आवाज येतो पण चित्र काळे आहे. त्याचे कारण असे, की टॅब्लेटचा डोळा वरच्या पट्टीखाली गेला. मापात चूक झाली. माणसाच्या हातून होते. तार घालण्याचे भोक मात्र बरोबर जागी आले आहे.

त्यावर तू म्हणालीस, ‘बाबा, तुमच्या हातून?’ आणि मग बराच वेळ काही बोलली नाहीस. तुझी आई आतल्या खोलीतून म्हणाली, ‘पन्नास वर्षांत यांचं माप चुकलं नव्हतं, ते आता चुकलं. बघ बाई, वय झालं.’ हे तुला ऐकू गेले असावे. ती बाहेर का आली नाही असे तू विचारलेस. तिचे हात ओले होते.

चौकट काढून पट्टी तासावी लागेल. हे काम मी करणार आहे, पण हाती एका शाळेची अठरा दारे आहेत. सवड होईल तेव्हा बघतो.

आणखी एक. बुधवारी तू फोन केलास तेव्हा मागे एका बाईंचा आवाज ऐकलास, ‘एक, दोन, तीन, अजून एक’ असा. त्या शेजारच्या बाई. त्या कपडे मोजत होत्या.

महिना पुरा होत आला की संगणकाचे ध्यानात असू दे. टॅब्लेटचा मी पुरेसा अनुभव घेतला आहे आणि माझे मत बदललेले नाही.

तुझा पिता

◆

दिनांक १९ एप्रिल, रविवार

चि. फूटपट्टीस,

आशीर्वाद. या नावाने तुला हाक मारून तीस वर्षे झाली असतील. माझी फूटपट्टी फ्रॉकच्या पट्ट्यात खोचून तू कारखान्यात हिंडत असायचीस आणि माझ्या प्रत्येक फळीला ‘अर्धा सूत कमी’ असे सांगायचीस. एकदा खरोखरच अर्धा सूत कमी निघाली होती. मी तेव्हा कबूल केले नाही. आज करतो; म्हणजे पुढचे कबूल करणे सोपे जाईल.

तुला बहुतेक सर्व माहीत आहे. तरीही मी क्रमाने लिहिणार आहे, कारण तुला माहीत आहे ते मी सांगितलेले नाही, आणि जे मी सांगायला हवे ते तुला माहीत नाही.

तुला शिकवले होते ते आठवते का? स्क्रू घट्ट झाला की त्याची खाच उभी राहील असा थांबवायचा. सगळ्या खाचा एका दिशेला. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पण करणाऱ्याला झोप नीट लागते. टॅब्लेटच्या चौकटीचे चारही स्क्रू मी असेच बसवले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाहतो तो वरच्या डाव्या स्क्रूची खाच तिरपी. मी पेचकस आणून ती उभी केली. दोन दिवसांनी खालचे दोन तिरपे. पुन्हा उभे केले. पुन्हा तिरपे. चोर म्हणावा तर काही नेत नाही, उलट काढलेले परत बसवून जातो. तुझ्या आईला विचारले तेव्हा ती पडल्या पडल्या म्हणाली, ‘लाकूड आहे. तुम्हीच सांगता ना, हवेनं लाकूड हलतं.’ पितळ हलत नाही, असे मी म्हणालो. ‘मग पितळेला विचारा’, म्हणाली आणि कुशीवर वळली.

बुधवारी मी चष्मा घरी विसरलो म्हणून साडेअकरालाच कारखान्यातून परतलो. बाहेरच्या खोलीत टेबलावर चौकट रिकामी. चारही स्क्रू एका बशीत ठेवलेले, शेजारी माझा लहान पेचकस. आतल्या खोलीतून मोजण्याचे आवाज येत होते. एक व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा, ज्या कधीही कपडे मोजत नव्हत्या. दुसरा तुझ्या आईचा. तिसरा तुझा.

मी दारापाशी थांबलो. खिडकीत पाण्याच्या तांब्याला टेकून टॅब्लेट ठेवलेला आणि त्यात तू, केस न विंचरलेली. तुझी आई वॉकर धरून उभी होती. डावे पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलेले. मला तोपर्यंत सांगण्यात आले होते की तिला दोघांनी धरल्याशिवाय उभे राहता येत नाही. ती चालत होती. सात म्हणून एक पाऊल, आठ म्हणून दुसरे. मग तिने मला पाहिले.

‘अहो, आज लवकर? थांबा जरा, दोन राहिलीत.’

आणि ती नऊ आणि दहा चालली. तुम्ही तिघी मोजत होता. मी मोजले की नाही, मला आठवत नाही.

तू एवढेच म्हणालीस, ‘बाबा, तुमचा कॉम्प्युटर या खिडकीपर्यंत आला असता का?’

नसता आला. म्हणूनच मला तो हवा होता.

हे मी तेव्हा बोललो नाही. चष्मा घेऊन कारखान्यात गेलो. तिथे एका दारावर रंधा मारायला घेतला आणि ते दार दीड सूत जास्त तासले. ते दार आता मी स्वतःकडे ठेवून नवे करून देणार आहे.

संध्याकाळी तुझ्या आईला जाब विचारला. मुलीला सांगणार नाही असा शब्द तू मला दिला होतास, म्हणालो. ती म्हणाली, ‘दिला होता. आणि पाळला. एक अक्षर सांगितलं नाही. बाईंना म्हटलं, त्या फळीवरून काढा एवढं, चार स्क्रू आहेत, डिसमिस टेबलाच्या खणात. मग फक्त धरलं पायासमोर.’ पन्नास वर्षे सुताराच्या घरात काढलेली बाई. चौकट कशी निघते हे तिला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

त्या पट्टीखाली डोळा झाकला गेला, ती मापाची चूक नव्हती. डोळा कुठे आहे हे मी आधी पेन्सिलीने आखून घेतले होते आणि मगच पट्टी अर्धा इंच जास्त रुंद ठेवली. लबाड माणूस ठरण्यापेक्षा कच्चा सुतार ठरणे मी पत्करले. तुझी आई पहिल्या दिवसापासून हे ओळखून होती. तूही त्या रविवारी बराच वेळ गप्प राहिलीस, म्हणजे तुलाही काही कळले असावे.

लपवले का, तर तुझ्या त्या कुलपापायी. तू येशील, कारखाना बंद करशील, आम्हांला घेऊन जाशील, आणि मी तुझ्या घराच्या एका खोलीत स्वच्छ हात घेऊन बसेन, ही धास्ती होती. आता तुझ्या आईकडून कळते की टॅब्लेटवर पहिल्या दिवशी तिचा पाय पाहून तू खरोखरच यायला निघाली होतीस आणि तिने तुला थांबवले. ‘आत्ता आलीस तर ते हरले असं होईल. मी चालायला लागले की ये’, असे ती तुला म्हणाली म्हणे. हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगितले. जणू कोणा तिसऱ्याची गोष्ट होती.

शुक्रवारी डॉक्टरांनी नवीन एक्स-रे उजेडासमोर धरून मला दाखवला. हाड दोन्ही ठिकाणी जुळले आहे. मी सांधे ओळखतो. तो चांगला सांधा आहे. महिनाभर काठी, पुढे काठीही नको, असे ते म्हणाले. रस्त्यात येऊन मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तुझी आई वॉकरवर उभी आणि मी बसलेला. येणारे-जाणारे तिच्याऐवजी माझी विचारपूस करत होते.

येथपर्यंतचे तुला ठाऊक आहे किंवा अंदाजाने कळले असते. आता उरलेले.

बुधवारी रात्रीच्या फोनवर तू म्हणालीस की ओल्या फरशीवरून आई घसरली, तिथे खरखरीत पायपुसणे टाकून घ्या. मी ‘बरे’ म्हणालो. तुझ्या आईने तुला घसरले असे सांगितले आहे. ते खोटे आहे. ती घसरली नाही. फरशी कोरडी होती.

स्वयंपाकघरात आपले उंच स्टूल होते, मी केलेले, तुझ्या जन्माच्या आधीचे. त्याचा एक पाय हलू लागला होता. ‘स्टुलाचा पाय हलतो, बघा’, असे ती मला सप्टेंबरपासून सांगत होती. मी ‘बघतो’ म्हणत होतो. एका पाचरीचे काम. लाकडाचा चिमूटभर तुकडा तासून, सरस लावून, सांध्यात ठोकायचा; दहा मिनिटे पुरे. पण हाती लोकांची कामे होती. लोकांचे काम वेळेवर देतो ही माझी कीर्ती आहे आणि ती मला प्यारी आहे. घरातले स्टूल कुठे पळून जात नव्हते. अठरा जानेवारीला, रविवारी सकाळी, ती वरच्या फळीवरची बरणी काढण्यासाठी त्यावर चढली.

आवाज मी बाहेरच्या खोलीत ऐकला. आधी लाकडाचा आला. तो आवाज ऐकताच काय झाले आहे हे मला कळले; तिने हाक मारण्याच्या आधीच.

त्याच संध्याकाळी तू संगणकावर दिसलीस आणि विचारलेस, आई कुठे आहे. ती भिंतीपलीकडे प्लास्टर घालून पडली होती. मी म्हणालो, शेजारी गेली आहे. तेव्हा मला वाटत होते की मी कारखाना वाचवत आहे. कारखान्याची भीती खरी होती, ती वर लिहिलीच आहे. पण तिच्या मागे हे स्टूल उभे होते. माझ्या हातच्या कामावरून माणूस पडला, आणि तो माणूस कोण, हे तुला सांगण्याची माझी छाती झाली नाही. तुझ्या आईनेही ते झाकले, माझ्या पट्टीपेक्षा कितीतरी सफाईने. दवाखान्यात, शेजारी, सगळीकडे ‘घसरले’. मला तिने एकदाही बोलून दाखवले नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे मला तीन महिने वाटत होते.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाचर मारली. दहा मिनिटेही लागली नाहीत. ते स्टूल मात्र घरी आणवेना. कारखान्यात भिंतीशी उभे करून वर पोते टाकले होते.

आज सकाळी तुझ्या आईला म्हणालो, मी मुलीला खरे लिहिणार आहे. ती म्हणाली, ‘कशाला? मी घसरले म्हणते ना, मग घसरले.’ मी म्हणालो, लिहिणार. तेव्हा ती म्हणाली, ‘लिहायचंच तर नीट लिहा. तीस वेळा बघतो म्हणालात, तेही लिहा. आणि स्टूल आणा घरी. बसून भाजी चिरता येईल.’

मी दुपारी जाऊन ते आणले. तिच्यासमोर ठेवले. ती वॉकर धरून उभी राहिली, स्टुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

‘आधी तुम्ही बसा’, म्हणाली.

मी बसलो. तिने एका हाताने स्टुलाची कड धरून चांगली हलवून पाहिली. मग म्हणाली, ‘उठा आता.’ आणि बसली.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर देणे राहिले. टॅब्लेट संगणकाची जागा घेऊ शकतो का? माझ्या चारशे बारा छायाचित्रांसाठी आणि या घट्ट बोटांसाठी नाही घेऊ शकत. करवतीचे काम रंध्याला सांगू नये. मोठा पडदा आणि दाबता येणाऱ्या कळा या गोष्टींना अजून तोड नाही, आणि तेवढ्यापुरता मी माझ्या पहिल्या पत्रावर ठाम आहे. पण त्या पत्रात मी यंत्रांची तुलना करत नव्हतो. भिंतीपलीकडे न जाणारे काहीतरी मला हवे होते. सध्या संगणक पाठवू नकोस. जो जागचा हलत नाही असा एक घरात होता, तेवढा पुरे.

चौकट मी काढली आहे. तिच्याच सागाचा एक स्टँड करतो आहे, तुझ्या आईच्या पलंगाशी उभा राहील असा, डोळ्यासाठी गोल भोक ठेवून. ते भोक मी चार वेळा मोजून पाडले. टेबलाजवळच्या दोन्ही खुर्च्या आत नेऊन ठेवल्या आहेत. मे महिन्यात तू येशील तेव्हा तिसरी लागेल. तीही होईल, वेळेवर. बरोबर कुलूप आणू नकोस.

पत्र टपालाने पोचायला नऊ दिवस लागतात आणि हे ओझे मला आणखी नऊ दिवस वाहायचे नाही. म्हणून लिहून झाले की हे कागद स्टुलावर पसरायचे आणि टॅब्लेटने त्यांचे छायाचित्र काढून तुला पाठवायचे असे ठरले आहे. बटण तुझी आई दाबणार. माझ्या अंगठ्याला तो यंत्रगृहस्थ अजून ओळख देत नाही, आणि तिचे बोट त्याने पहिल्याच दिवशी ओळखले. तिने सर्व वाचून पाहिले आहे. दोन ठिकाणी हसली. स्टुलाच्या ठिकाणी हसली नाही, पण कागद परत देताना माझा अंगठा थोडा वेळ धरून ठेवला.

माप बरोबर आहे का, ते तू सांग.

तुझा
बाबा